लाइफटाइम? कोणाचं हो?

परवा आमच्या टीममधल्या एका पोराने गाडी घेतली. जर्मन, लक्झरी, सहा वर्षं वापरलेली. म्हणजे पहिल्या मालकाने अर्ध्याहून जास्त किंमत स्वतःच्या खिशातून जाळल्यावर जे उरतं त्या भावात. यात लाजण्यासारखं काही नाही, अस्मादिकांनीही तेच केलंय. पेढे झाले, पार्किंगमध्ये जाऊन फोटो झाले, सगळे पांगले. मग त्याने मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "सर्व्हिसिंग कुठे करू रे? कंपनीत की बाहेर?"

हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत इतक्या लोकांनी विचारलाय की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं. आधीच सांगतो, हे 'दोन्ही बाजू' वगैरे मांडणारं लिखाण नाही. माझं मत ठाम आहे आणि त्याची किंमत मी रोख मोजलेली आहे.

पहिलं भांडण त्या शब्दांशीच. 'कंपनीत'! अहो, कंपनी चाकणला असते, चेन्नईला असते, नाहीतर संभाजीनगरजवळ शेंद्र्याला असते. तुम्ही जिथे गाडी सोडून येता ती कंपनी नव्हे. ती कुणा एका शेठची डीलरशिप असते. शेठने कंपनीशी करार केलेला असतो, मोक्याच्या जागी काचेची इमारत उभी केलेली असते, आत सोफे आणि कॉफीचं मशीन ठेवलेलं असतं. हे सगळं कुठून वसूल होतं? नव्या गाडीवर तर डिस्काउंट देऊन देऊन त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. ते वसूल होतं तुमच्या-माझ्या सर्व्हिसिंगमधून. आणि 'बाहेर' म्हटलं की आपल्याला लगेच आईचा आवाज ऐकू येतो, "बाहेरचं खाऊ नकोस, पोट बिघडेल." झालं! दोन शब्दांतच निकाल लागला. घरचं ते चांगलं, बाहेरचं ते वाईट.

तर माझी कथा. गाडी २०१६ची, मी २०२१मध्ये घेतली. डिझेल, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, ६२,००० किलोमीटर. ब्रँडचं नाव सांगत नाही, डीलरचं तर नाहीच. मी अगदी आज्ञाधारक मुलासारखा दर वर्षी 'कंपनीत' जायचो. टाय लावलेला, हातात टॅब्लेट घेतलेला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर यायचा (दर वर्षी नवीन!), "सर, एसी डिसइन्फेक्शन करून घेऊया का? सर, इंजिन फ्लशिंग? सर, उंदरांसाठी स्प्रे?" असं विचारायचा आणि मी तीनातल्या दोन गोष्टींना हो म्हणायचो. एकदा मीच विचारलं, "गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदलायचं?" साहेब असे हसले जणू मी विचारलं होतं की टायरमध्ये पाणी कधी भरायचं. "सर, लाइफटाइम आहे ते. सील्ड युनिट. हात लावायचा नाही."

मी मान डोलावली. मी! जो व्हेरिएबलचं नाव आवडलं नाही म्हणून ज्युनिअरचा कोड परत पाठवतो, तो मी एका शब्दावर गप्प बसलो.

मग हळूहळू काय व्हायला लागलं, सिग्नलला गाडी थांबायला आली की तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना मागून कुणीतरी ढकलल्यासारखा धक्का. डीलरकडे सांगितलं. टेस्ट ड्राइव्ह झाली. "नॉर्मल आहे सर, या गाड्यांचा फीलच स्पोर्टी असतो." बरं.

नोव्हेंबर २०२३. मामेबहिणीच्या लग्नाला साताऱ्याला निघालो होतो, आई-बाबा मागे. खंबाटकीचा घाट चढताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा, गिअरबॉक्सचा मेसेज आणि गाडीची ताकदच गेली. अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय आणि गाडी बैलगाडीच्या वेगाने. मागे ट्रक, त्याचा हॉर्न, डाव्या बाजूला कशीबशी घेतली. बाबा काही न बोलता उतरले आणि एक मोठा दगड शोधून मागच्या चाकाला लावला. फियाटची सवय. पन्नास लाखांच्या जर्मन गाडीच्या चाकाला दगड! मला तेव्हा राग आला होता, आता विचार केला तर त्या क्षणी त्या गाडीसाठी कुणी काही उपयोगाचं केलं असेल तर ते बाबांनीच. दहा मिनिटांनी बंद-चालू केल्यावर गाडी निघाली, लग्नाला पोचलो. येताना मात्र दोघं एसटीने आले. "तू ये सावकाश," आई म्हणाली. ते 'सावकाश' अजून टोचतं.

डीलरकडे चार दिवस गाडी. निकाल: गिअरबॉक्स असेंब्ली बदला. टॅक्स धरून सात लाख ऐंशी हजार.

मी विचारलं, आत नक्की काय बिघडलंय? "सर, आम्ही ते ओपन करत नाही. असेंब्लीच रिप्लेस होते." बरं, फॉल्ट कोड तरी दाखवा, प्रिंट द्या. "सर, ते इंटरनल असतं."

माझा सगळा लेख खरं तर या एका शब्दावर आहे. इंटरनल. गाडी माझी, पैसे माझे, घाटात अडकले ते माझे आई-बाप, आणि आजार काय आहे ते इंटरनल! उद्या डॉक्टर म्हणाले की तुमचा एक्स-रे आमच्यात इंटरनल असतो, फक्त ऑपरेशनचे पैसे भरा, तर आपण काय करू?

त्या रात्री मी जे आधी वाचायला हवं होतं ते वाचायला बसलो. तो गिअरबॉक्स गाडीच्या कंपनीने बनवलेलाच नव्हता. झेडएफ नावाच्या दुसऱ्याच जर्मन कंपनीचा होता, आणि तो अनेक ब्रँडच्या गाड्यांत बसतो. आणि ही झेडएफ, म्हणजे ज्यांनी तो डबा बनवला ते स्वतः, काय सांगतात? ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा फार तर आठ वर्षांनी ऑइल बदला. बनवणारा म्हणतो बदला, विकणारा म्हणतो लाइफटाइम. आता लाइफटाइम म्हणजे नक्की कोणाचं, हो? माझा तर्क सांगतो, पटला तर बघा. गाडी नवी घेणारा माणूस चार-पाच वर्षांत ती विकतो. त्याला 'मेंटेनन्स कमी' हे ऐकायचं असतं, म्हणून शेड्यूलमधून जेवढं वगळता येईल तेवढं वगळतात. त्याच्या हातात असेपर्यंत काही होत नाही. तेवढंच ते लाइफटाइम. त्यानंतर येतो तुमच्या-माझ्यासारखा तिशीतला सेकंडहँडवाला. त्याचा गिअरबॉक्स गेला तर बरंच की! सात लाखांचं बिल!

मित्राच्या मित्राकडून भोसरीतल्या एका गॅरेजचा पत्ता मिळाला. पत्र्याची शेड, पण फरशी स्वच्छ, दोन लिफ्ट. मालक स्वतः अकरा वर्षं अधिकृत वर्कशॉपमध्ये काम केलेला. त्याने लॅपटॉप जोडला आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर स्क्रीन माझ्याकडे वळवली. कोड दाखवले, कोणता कधी आला ते दाखवलं. मग म्हणाला, "साहेब, आधी ऑइल आणि पॅन बदलून बघू. याचा फिल्टर पॅनमध्येच असतो, म्हणून अख्खा पॅन बदलायचा. सुटलं तर सुटलं. नाही सुटलं तर मेकॅट्रॉनिक खोलावं लागेल, आणि मग हे ४८ हजार तुमचे पाण्यात गेले समजा. विचार करून सांगा, घाई नाही."

'नाही सुटलं तर'. एवढी वर्षं काचेच्या इमारतीत जाऊन मी हे तीन शब्द कधी ऐकले नव्हते.

काम मी शेजारी उभा राहून बघितलं. जुनं ऑइल काळं, जळका वास. नवीन भरताना गंमत अशी की या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून ऑइलचं तापमान ३० ते ५० अंशांच्या मध्ये असतानाच लेव्हल बघायची असते. त्याच्याबाहेर बघितली तर चुकीची भरते. त्यामुळे एक पोरगा गाडीखाली, दुसरा लॅपटॉपवर तापमान ओरडून सांगतोय, "अडतीस... एकोणचाळीस..." आमच्या प्रॉडक्शन रिलीजला पण इतकी शिस्त नसते. मग जुन्या सवयी (त्याला अ‍ॅडाप्टेशन म्हणतात) पुसून गाडी अर्धा तास चालवली. धक्का गेला. आज गाडी १,२८,००० किलोमीटरवर आहे, आणि घाटात अजून तरी कुणाला दगड शोधावा लागलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका अनुभवावरून सगळ्या डीलरना झोडपतोस? मान्य. तिथेही चांगले मेकॅनिक असतात. माझा भोसरीवाला तिथलाच तर आहे. पण तिथली रचनाच अशी आहे की तुमची आणि त्या मेकॅनिकची गाठच पडत नाही. मध्ये अ‍ॅडव्हायझर. त्याला महिन्याचं टार्गेट, आणि टार्गेट रुपयांत, बऱ्या झालेल्या गाड्यांत नव्हे. मजुरी लावतात ती पुस्तकातल्या तासांची. काम चाळीस मिनिटांत झालं तरी पुस्तकात दोन तास असतील तर तुम्ही दोन तासांचे देता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, आणि आंधळे कोण ते सांगायला नको.

(हे सगळं मला इतकं नीट का समजतं? कारण आपण तेच करतो, राजेहो. क्लायंटला डेव्हलपर कधी दिसतो का? मध्ये गोड बोलणारा माणूस, इस्टिमेट तासांत, दोन ओळींच्या बदलाची चेंज रिक्वेस्ट आणि 'हे इंटरनल आहे'. आपण ज्या धंद्यात पोट भरतो तोच धंदा समोरून आला की ओळखू कसा येत नाही?)

मग येतो तो ब्रह्मास्त्राचा मुद्दा. "सर, बाहेर केलंत तर वॉरंटी व्हॉइड." हे वाक्य ऐकलं की आपल्यातले भलेभले पांढरे पडतात. म्हणून थोडा इतिहास. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. मारुती-टाटांपासून जर्मन लक्झरी ब्रँडपर्यंत सगळे त्यात होते. कारण काय, तर सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. आयोगाने असंही बजावलं की केवळ बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच करा. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या, कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. म्हणजे ही काही माझी एकट्याची रड नाही. पण किती जणांना हे माहीत आहे? अ‍ॅडव्हायझरला तर नक्की नसावं, नाहीतर इतक्या आत्मविश्वासाने तो बोलला नसता.

तरीही (आणि इथे माझ्यावर चिडलेले डीलरप्रेमी थोडे खूश होतील) गाडी वॉरंटीत असेल तर मीही डीलरकडेच जा म्हणेन. कोर्टात जिंकणारा मुद्दा आणि शनिवारी सकाळी काउंटरवर जिंकणारा मुद्दा यांत फरक असतो, आणि तुम्हाला सोमवारी ऑफिसला जायचं असतं. एअरबॅग, चावी-इमोबिलायझर, बंपरमागच्या रडारचं कॅलिब्रेशन, इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी, ही कामंही तिकडेच. आणि रिकॉल आला तर डोळे झाकून जा, ते काम फुकट असतं, गेली दहा वर्षं तुम्ही कुठेही सर्व्हिसिंग केलेलं असो. वॉरंटी संपली की मात्र तुम्ही मोकळे. 'एक्स्टेंडेड' घ्यायची असेल तर आधी बारीक अक्षरातली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. आपण टर्म्स अँड कंडिशन्स न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबणारी जमात आहोत, पण इथे त्या बटणाची किंमत लाखात असते.

आता 'बाहेर'वाल्यांचीही थोडी हजेरी घेतो. २०२२मध्ये घराजवळच्या एका गॅरेजवाल्याकडून मी बॅटरी बदलून घेतली होती. डीलरपेक्षा आठ हजार कमी, मी खूश. त्याने जुनी काढली, नवी बसवली, पाच मिनिटांत मोकळा. या गाड्यांत नवी बॅटरी बसवली की ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. नोंदवली नाही तर गाडी नव्या बॅटरीलाही जुनीच समजून चार्ज करते. चौदा महिन्यांत बॅटरी गेली. वाचलेले आठ हजार व्याजासकट परत. ड्रममधलं सुटं ऑइल 'जर्मन आहे' म्हणून ओतणारे, चायनीज सेन्सरला ओरिजिनलचा डबा देणारे, हे सगळे आहेतच. ज्यांना गाडी पन्नास लाखांची हवी आणि सर्व्हिसिंग अल्टोच्या भावात, त्यांना असलेच गुरू भेटतात, आणि मला त्यांची दया येत नाही. हत्ती दारात बांधलाय तर ऊस घालावाच लागणार. मुद्दा स्वस्ताचा नाहीच आहे. तो ४८ हजारवाला काही स्वस्त नव्हता.

मुद्दा एवढाच, की दाखवतो कोण? मी आता कुठल्याही गॅरेजमध्ये गेलो, काचेच्या किंवा पत्र्याच्या, की कोड मागतो. कोड दाखवला की पुढचा प्रश्न, हा पार्ट दोषी आहे हे कसं ठरवलं? कारण कोड म्हणजे निदान नव्हे, ती फक्त स्टॅक ट्रेसची एक ओळ. पी०१२८ आला म्हणजे कूलंट पुरेसं गरम होत नाहीये एवढंच कळतं. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असेल, कूलंट कमी असेल, सेन्सर खोटं बोलत असेल. न तपासता सरळ थर्मोस्टॅट बदलणारा माणूस आणि एरर आली की सर्व्हर रीस्टार्ट करणारा माणूस, दोघं भाऊ-भाऊच. जुना पार्ट परत मागतो, बिलावर पार्ट नंबर लिहून घेतो. फिल्टर गाडीच्या ब्रँडच्या डब्यात आला काय आणि मान किंवा माहलेच्या डब्यात आला काय, मला फरक पडत नाही, अनेकदा बनवणारा तोच असतो. पण डबा माझ्यासमोर फोडला पाहिजे. हे सगळं विचारल्यावर ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात तिथून मी निघतो. भोसरीवाला सापडायच्या आधी अशा दोन गॅरेजमधून निघालोय, आणि दोन्ही पत्र्याची होती.

"पण रीसेलला कंपनीची हिस्टरी लागते ना?" लागते. माझ्या गाडीची हिस्टरी पूर्ण होती, एकही शिक्का चुकलेला नव्हता. त्या हिस्टरीत गिअरबॉक्सचं ऑइल कुठेच नव्हतं. आता माझ्याकडे एक फोल्डर आहे, त्यात प्रत्येक कामाचं बिल, ओडोमीटरचा फोटो, काढलेल्या पार्टचा फोटो. घेणाऱ्याने काय ते बघून ठरवावं.

टीममधल्या त्या पोराला एवढं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे पण एवढा वेळ कोणाला आहे? शनिवारी सकाळी दोन तास गॅरेजमध्ये उभं राहायचं?" आता याला काय बोलणार! त्याच शनिवारी हा चार तास नव्या फोनचे रिव्ह्यू बघत बसतो. बाबा फियाटच्या वेळी मिस्त्रीकडे स्टुलावर बसून अख्खी दुपार घालवायचे, चहा पाजायचे, स्पॅनर हातात द्यायचे. आम्ही हसायचो त्यांना. त्यांना कार्ब्युरेटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मिस्त्रीला माहीत होतं की हा माणूस बघतोय.

भोसरीवाल्याकडून ते जुनं ऑइल मी पाण्याच्या बाटलीत भरून आणलं होतं. बाल्कनीत ठेवलंय, वर मार्करने 'लाइफटाइम' लिहून. आई दर दिवाळीच्या साफसफाईला विचारते, हे काळं काय आहे, टाकू का? त्या पोराला परवा फोटो पाठवला. त्याचा उत्तरादाखल एकच प्रश्न आला, "त्या भोसरीवाल्याचा नंबर दे." दिला. पण आधी डीलरकडे जाऊन फॉल्ट कोडची प्रिंट माग म्हणालो. बघू, काय उत्तर मिळतं ते.